एका खोलीत किती जण?

परवाची गोष्ट. दिवसभर पावसाची रिपरिप चालू होती आणि वीज नेहमीप्रमाणे गेलेली. टाकी भरून वाहते आहे का ते पाहायला मी जिना चढून वर निघालो. (गुडघे कुरकुरतात, पण हे काम मी कोणाला देत नाही. आमच्या घरात तेवढे एकच खाते माझ्याकडे उरले आहे!) दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी चपला दिसल्या. पस्तीस वर्षे वर्गात पोरे मोजली, ती सवय काही जात नाही. मोजल्या. चौदा जोड.

ती खोली दहा बाय बाराची. एका ठेकेदाराला भाड्याने दिलेली. देताना तो म्हणाला होता, "गुरुजी, चार पोरं राहतील, साधी आहेत, काही त्रास व्हायचा नाही." त्रास खरोखरच काही झाला नव्हता. म्हणून तर वर्षभरात मी त्या दाराकडे कधी नीट पाहिलेही नव्हते.

मी दार वाजवले. आत मेणबत्ती होती. नऊ जण मोजले. चपला चौदा आणि माणसे नऊ कशी, हे गणित मला सुटेना. एक पोरगा बीडकडचा निघाला, त्याने मराठीत सांगितले. "सर, पाच जण ड्यूटीवर आहेत. कंपनीचे बूट घालून जातात, चपला इथंच राहतात. ते आले की आम्ही जातो." म्हणजे गाद्या पाचसहाच, पण त्या कधी गार होत नाहीत. एक उठला की दुसरा आडवा होतो. बाकीची मुले बिहारची, ओडिशाची. मला पाहून सगळे उठून उभे राहिले. "सर, बसा की," बीडचा पोरगा म्हणाला, आणि मग मला बसवायला जागा कुठे करावी हे कोणालाच कळेना. मग मीच म्हणालो, राहू दे.

जाताना सहज विचारले, भाडे किती देता? ठेकेदार माणशी नऊशे रुपये पगारातून कापून घेतो म्हणाला. चौदा नव्वे एकशे सव्वीस. बारा हजार सहाशे. मला त्या खोलीचे पाच हजार येतात आणि एका खोलीला पाच हजार आले म्हणून मी चार लोकांत ते कौतुकाने सांगितलेही होते.

वाचकहो, शिरवळ ज्यांना फक्त पुणे-सातारा रस्त्यावरचा चहाचा थांबा म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो, आणि सुरू होतो तो शिरवळपासून. माझ्या लहानपणी इथे बाजरी, ज्वारी आणि आठवड्याचा बाजार होता. आता औद्योगिक वसाहत आहे, लहानमोठे कारखाने आहेत, हायवे रुंद झाला आहे. ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आहे त्याने खोल्या काढल्या. आम्हीही काढल्या. मुलाने कर्ज घेतले, मी ग्रॅच्युइटीतले उरलेसुरले घातले. तेव्हा या लेखात मी दुसऱ्या कोणावर बोट दाखवतो आहे असे समजू नका. घरमालक मीच आहे.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण ती खोली मी आधी एकदा पाहिली होती. १९७२ साली, मुंबईत.

त्या वर्षी मी मराठी घेऊन बी. ए. झालो. पाऊस पडलाच नव्हता. आमच्याकडे विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, बाया-माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. पदवीचा कागद घेऊन मी दिवाळीनंतर नोकरी शोधायला मुंबईला गेलो आणि माझ्या चुलतभावाकडे उतरलो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. तो मशीद बंदरच्या बाजारात माथाडी होता. पाठीवर गोणी वाहायचे काम. दादा जिथे राहत होता त्याला आमच्याकडचे लोक 'गाळा' म्हणत. एका गावची किंवा भावकीची माणसे मिळून एक खोली घेत, भाडे वाटून देत.

मी मनात चाळीतली एक नीटनेटकी खोली रंगवली होती. गाळा निघाला आमच्या स्वयंपाकघराएवढा. त्याच्या पटावर एकतीस जण! प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीत एक खिळा. खिळा म्हणजे कपडे अडकवायचा हक्क. पावसाळा सोडून बहुतेक जण बाहेर फुटपाथवर झोपत, एखाद्याला रिकामी हातगाडी मिळाली तर तो त्या रात्रीचा भाग्यवान. पहाटे नळ यायचा, त्याच्या आधी संडासची रांग लागायची. जेवण खानावळवाल्या मावशींकडे महिन्याच्या बोलीवर. त्या मावशीही गरीबच, पैसे थकले तरी ताट वाढायच्या, आणि त्यासाठी स्वतः सावकाराचे कर्ज काढायच्या. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्यांना बँकेचे दार दिसले.

मी त्या गाळ्यात एकोणीस दिवस राहिलो. पाहुणा म्हणून मला आत, भिंतीकडेची जागा दिली होती. ती जागा कोणाची होती, मी विचारले नाही.

निघायच्या आदल्या रात्री दादाला म्हणालो, "दादा, घरी तू हे कधीच सांगितलं नाहीस." तो हसला. म्हणाला, "सांगून काय करायचं? त्यास्नी वाटतंय, मुंबईत हाय म्हंजे बरं हाय. वाटू दे की." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आन् तूबी सांगू नगंस."

मी सांगितले नाही. आजीने विचारले, वहिनींनी विचारले, "भाऊजी, खोली कशी हाय ह्यांची?" मी म्हणालो, "चांगली आहे. मोठी आहे." हे खोटे मी आजतागायत सांभाळले. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

आता कोणी म्हणेल, यात एवढे काय? त्या काळी सगळेच असे राहत. मला म्हणायचे आहे ते असे, की शहरातली गरिबी झाकण्याचे काम सगळ्यांत जास्त आम्ही, म्हणजे शहरात गेलेल्यांच्या घरच्यांनीच केले. आम्हाला मनिऑर्डर दिसत होती, ती पाठवणारा माणूस कसा राहतो ते दिसत नव्हते. महिन्याच्या पंधरवड्यात पोस्टमन दारात आला की आजी पदर सावरून अंगठा द्यायला बसायची. त्या पैशांत आमच्या घराची कौले झाली, आत्याचे लग्न झाले, आणि स्पष्टच लिहितो, माझे बी. ए. झाले. जत्रेला दादा पांढरा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा. गावात त्याला 'मुंबईकर' म्हणत. त्या पांढऱ्या शर्टाकडे बघून पुढच्या वर्षी आणखी दोन पोरे मुंबईला जात.

आणि मी काय केले? १९७४ मध्ये शिक्षक झालो आणि वर्गात पोरांना सांगू लागलो, "शिका रे, नाहीतर मुंबईला जाऊन हमाली करावी लागेल." हमालीच्या पैशावर शिकलेला माणूस हे सांगत होता! हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन, मोजदाद नाही.

गरीब कोणाला म्हणायचे, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी आकडे घेऊन पहिल्यांदा नीट मांडला, त्यांतले वि. म. दांडेकर हे साताऱ्यात जन्मलेले. त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'पॉव्हर्टी इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. पोटाला लागणारे उष्मांक धरून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनी हिशेब केला. खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, एवढ्याच्या खाली तो गरीब. या हिशेबाने खेड्यातली ४० टक्के माणसे गरीब निघाली आणि शहरातली ५० टक्के. वाचताना मी दचकलो होतो. आमची सगळ्यांची समजूत उलटी, की गरिबी खेड्यात आणि पैसा शहरात. दांडेकर-रथ सांगत होते की शहरात जगायला खेड्याच्या दीडपट लागतात, आणि ते दीडपट निम्म्या लोकांकडे नाहीत.

पुढे काय झाले पाहा. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये. तेव्हा ३२ रुपयांत काय येते यावर खूप चेष्टा झाली, वर्तमानपत्रे भरून गेली. पण माझे लक्ष दुसरीकडे गेले. दीडपटीचे सव्वापट कधी झाले? या चाळीस वर्षांत शहरातली खोली, पाणी, प्रवास काय स्वस्त झाला होता? मोजण्याची पद्धत बदलली हे मला मान्य आहे, मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. पण २०१४ मध्ये रंगराजन समितीने पुन्हा हिशेब केला, तेव्हा शहरासाठी ४७ आणि खेड्यासाठी ३२ असे आकडे आले. म्हणजे जवळजवळ परत दीडपट. साताऱ्याच्या माणसाचा अंदाज तितका चुकला नव्हता तर! ती रेषा काही अधिकृत झाली नाही. असो.

आता निती आयोगाने बहुआयामी गरिबी नावाचा नवा हिशेब आणला आहे. बारा निकष आहेत. पोषण, शाळा, स्वयंपाकाचा गॅस, शौचालय, पाणी, वीज, घर, बँकेचे खाते वगैरे. चांगली गोष्ट आहे. नुसत्या पैशावर गरिबी मोजू नये, हे बरोबरच. पण घराच्या निकषात पाहतात ते जमीन, भिंती आणि छप्पर कशाचे आहे ते. माझ्या वरच्या खोलीला फरशी आहे, पक्क्या भिंती आहेत, स्लॅब आहे, वीज आहे (असते तेव्हा). पोरांची बँकेत खाती आहेत, सगळ्यांकडे मोबाइल आहेत. ती खोली झोपडपट्टीतही मोडत नाही. एका खोलीत किती माणसे झोपतात, हे त्या बारा निकषांत नाही.

मी १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरलो आहे. घरयादीच्या तक्त्यात राहत्या खोल्या किती आणि माणसे किती, हे विचारावे लागते. म्हणजे प्रश्न आपल्याला माहीत आहे, तो आपण विचारतोही. पण गरीब कोण हे ठरवताना ते उत्तर बाजूला ठेवतो. दाटीची गरिबी ही माणसाची झोप खाते, अभ्यास खाते, आजारपण पसरवते, आणि बायकांचे तर विचारूच नका. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचे नाव घातले गेले ते बाबासाहेब आंबेडकर पुढे परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरची माणसे झोपली असताना, रात्री दोनला उठून अभ्यास करत. आपण ही गोष्ट मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो. मीही सांगत आलो. पण त्या वेळी त्याच चाळींतून जी हजारो मुले दोनला उठू शकली नाहीत, त्यांचे काय झाले हे आपण कधी विचारत नाही.

माझी भाची अमेरिकेत न्यूयॉर्कला असते. तिथे रेल्वेच्या भुयारात, बाकांवर माणसे झोपलेली तिने पाहिली आणि फोनवर म्हणाली, "मामा, मला वाटायचं गरीब फक्त आपल्याकडे." मी म्हटले, अगं, त्या शहराने हे सगळे आपल्या आधी पाहिले आहे. जेकब रीस नावाच्या पत्रकाराने १८९० मध्ये तिथल्या गरिबांच्या चाळींवर छायाचित्रांसह पुस्तक लिहिले. एका खोलीत कोंबलेले कामगार, हवा नसलेले अंधारे खण. त्यावर गदारोळ होऊन १९०१ मध्ये कायदा आला, की नव्या इमारतीत खोलीला उजेड-वारा हवा, घरटी संडास हवा. म्हणून तिथली गरिबी गेली असे नाही, भाची पाहतेच आहे. १९८१ मध्ये तर एका बेघराच्या वतीने खटला होऊन, निवारा मागणाऱ्याला रात्रीची जागा देणे शहरावर बंधनकारक झाले. योगायोग पाहा, त्याच १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या पाडून त्या लोकांना गावी परत पाठवायचा हुकूम निघाला. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि इतर काही जण न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून. पण निवाऱ्याची सक्ती त्यातून आली नाही. नोटीस देऊन, पावसाळा टाळून हटवता येईल, असाच शेवट झाला. म्हणजे उपजीविका हा हक्क ठरला, आणि झोपायला जागा मात्र नशिबावर राहिली.

शहर रोजगार देते म्हणून आम्ही तिकडे पाहत होतो. तो रोजगार गेला की शहरातला माणूस किती उघडा पडतो, हे दोनदा डोळ्यांनी पाहिले. पहिल्यांदा १९८२ मध्ये. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार. आमच्या भागातले गिरणीवाले महिन्या-दोन महिन्यांत गावी आले. पहिले पंधरा दिवस पाहुणचार झाला. मग भावकीत कुरबुर सुरू झाली. "आणखी किती दिवस?" ज्यांच्या मनिऑर्डरीवर घरे उभी राहिली, त्यांच्या ताटातल्या भाकरी मोजल्या जाऊ लागल्या. माझ्या वर्गात त्या वर्षी मुंबईहून आलेली आठ-दहा मुले दाखल झाली होती. ती फार गप्प असत.

दुसऱ्यांदा २०२० मध्ये. टाळेबंदी लागली आणि हायवेवरून माणसे चालत निघाली. नीरेच्या पुलाशी जिल्ह्याची नाकाबंदी होती. पुढे मे महिन्यात पास काढून मुंबईकर गावोगावी आले. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या वर्गखोल्यांत त्यांना चौदा-चौदा दिवस ठेवले. ठेवायला हवेच होते, रोगच तसा होता. पण तोंडातून निघणारी वाक्ये काही रोगाची नव्हती. "ह्यांना यायला आत्ताच सुचलं?" मी स्वतः खिडकी लावून घेतली होती, हेही लिहून टाकतो.

तर माझे मत असे. एक, शहरातला गरीब मोजताना त्याची मिळकत पाहू नका, ती मिळकत शहर परत किती घेते ते पाहा. भाडे, पाणी, संडास, प्रवास, आणि झोपायला मिळणारी जागा. दोन, हाताला काम मागण्याचा हक्क शहरालाही हवा. रोजगार हमीची कल्पना या महाराष्ट्राची, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. १९६५ च्या सुमारास विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला, ७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये कायदा झाला, २००५ मध्ये दिल्लीनेही तसा कायदा केला. पण सगळे खेड्यापुरते. केरळने २०१० मध्ये शहरांसाठी अशी योजना काढली, राजस्थानने २०२२ मध्ये. जिथे ही कल्पना जन्मली तिथल्या शहरात मात्र काम गेलेला माणूस नाक्यावर उभा राहतो. तीन, भाड्याच्या स्वस्त खोल्या. मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आहे, घरे मिळाली, नाही असे नाही. पण ती अमुक तारखेच्या आधीचा पुरावा असणाऱ्याला. काल आलेल्याला त्यात जागा नाही. दादाकडे कोणता पुरावा होता? भिंतीतला एक खिळा.

एक आक्षेप मला माहीत आहे. आमचे चिरंजीवच घेतात. "अण्णा, ही पोरं आपखुशीने आली आहेत. गावात यापेक्षा वाईट आहे. दोन पैसे घरी पाठवतात." खरे आहे. दादाही आपखुशीने गेला होता आणि त्याच्यामुळे आम्ही वर आलो. शहर माणसाला वर काढते हे मी नाकारत नाही, मी स्वतः त्याचा पुरावा आहे. पण 'गावापेक्षा बरे' हा माप घेण्याचा धागा असेल, तर शहरात कोणीही कसाही राहिला तरी बरेच ठरेल. त्या मापाने गाळाही बराच होता.

मी काय केले तेही सांगतो, म्हणजे नुसताच उपदेश नको. ठेकेदाराला बोलावून म्हटले, चारच्या वर माणसे नकोत. तो अगदी नम्रपणे हो म्हणाला आणि आठ दिवसांत खोली सोडून गेला. चौदाही पोरे पलीकडच्या आळीत एका खोलीत नेली. तिथे नळ खाली आहे म्हणतात. म्हणजे माझ्या सद्सद्विवेकाचा भुर्दंड त्यांनाच पडला! परराज्यातून मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने त्याला राहायला योग्य जागा द्यावी, असा कायदा १९७९ मध्येच झाला होता. तो आमच्या आळीपर्यंत कधी पोचला नाही. एकट्याने चांगले वागून हे सुटत नाही, एवढे मात्र मला या वयात कळले. गावातल्या सगळ्या घरमालकांनी मिळून एका खोलीला किती माणसे हे ठरवले पाहिजे, आणि गावच्या कारभाऱ्यांनी ते पाळून घेतले पाहिजे. ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. लोक हसतील. बहुतेक सगळे घरमालकच आहेत.

पंधरा दिवसांनी बीडचा पोरगा आणखी तिघांना घेऊन परत आला. आता खोली थेट त्यांनाच दिली आहे, माणशी बाराशे. मला दोनशे कमी येतात, त्यांना तीनशे जास्त पडतात. ते म्हणतात परवडते, झोप मिळते. बाकीचे दहा जण अजून पलीकडच्या आळीतच आहेत.

हा लेख इथे टाकण्यापूर्वी वहिनींना वाचून दाखवला. दादा जाऊन बरीच वर्षे झाली, त्या आमच्याच घरी असतात. गाळ्याचा भाग वाचताना माझा आवाज जरा अडखळला. पन्नास वर्षांपूर्वीचे खोटे उघड करत होतो. त्या शांतपणे लसूण सोलत होत्या.

"मला ठावं हुतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जत्रंला आलं की एवढा मोठा सोपा मोकळा आसायचा. पर ह्ये आपलं भितीच्या कडंला, पाय पोटाशी घिऊन निजायचं. म्या म्हणायची, आवं पाय तरी पसरा. म्हणायचं, सव न्हाई."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "तुमी तरी कुठं बोललासा?"

आपल्या नात्यातल्या ज्यांच्या घरचे कोणी गाळ्यावर, खोलीवर, गिरणीच्या चाळीत राहिले असेल, त्यांनी जरूर लिहा. खोली केवढी होती, आणि तीत किती जण होते, एवढे तरी लिहा.